पाणी, वस्ती आणि औक्ष

मंडळी, लहान मूल पाया पडले की आपल्याकडे वडीलधारी माणसे त्याच्या डोक्यावर हात ठेवून 'औक्षवंत हो' म्हणतात. आशीर्वाद सगळीकडे एकच. मोखाड्याच्या डोंगरातली आजी तो देते, सातपाटीच्या कोळीवाड्यातली म्हातारी देते आणि बोईसरच्या चाळीत राहणाऱ्या कामगाराची आईही दूरच्या मुलखातून आपल्या बोलीत तोच देते. पण हे औक्ष सगळीकडे सारखे पिकत नाही. ते कुठे किती पिकले, आणि का, याची हकीकत आज तुमच्यापुढे ठेवायची आहे.

त्यासाठी फार लांब जायला नको. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झालेला आपला पालघर जिल्हा डोळ्यांपुढे आणा. आठ तालुके, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे तीस लाख वस्ती. पश्चिमेला समुद्र, मिठागरे, वाड्या आणि रेल्वेचा रूळ. मध्ये भातशेती. पूर्वेला जव्हार-मोखाड्याचे डोंगर. सकाळी मोखाड्याहून एस.टी.त बसलेला माणूस त्याच दिवशी तारापूरच्या किनाऱ्यावर उभा राहू शकतो. एवढ्याशा प्रवासात तो पाड्यावरून गावात, गावातून कारखान्यांच्या नगरात आणि तिथून कोळीवाड्यात येतो. म्हणजे औक्षाचे चार निरनिराळे हिशेब ओलांडून येतो म्हणा ना!

आता 'सरासरी आयुर्मान' म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेऊ. गुरुजींना हे गणित वर्गात घेता येईल. समजा, एका पाड्यावर दहा मुले जन्मली. त्यांतली दोन पहिल्या वर्षातच दगावली आणि उरलेली आठ पासष्ट वर्षे जगली. आठ गुणिले पासष्ट, पाचशे वीस. त्याला दहाने भागले की बावन्न. पाड्याचे सरासरी आयुष्य बावन्न वर्षे! प्रत्यक्षात बावन्नाव्या वर्षी तिथे एकही माणूस मेलेला नाही. तेव्हा सरासरी आयुष्य कमी असलेल्या मुलखात म्हातारी माणसे नसतातच असे नाही. तिथे पाळणे रिकामे होतात. खरी आकडेमोड याहून बारकाईची असते. प्रत्येक वयाला मृत्यूचे प्रमाण किती, ते पाहून ती करतात. पण तत्त्व हेच.

आपल्या देशात १९११ ते १९२१ या दशकात हे आयुर्मान अवघे वीस वर्षांच्या आसपास होते. त्यात १९१८ च्या इन्फ्लुएंझाने तर माणसे गवतासारखी कापून काढली होती. १९४१ ते १९५१ च्या दशकात ते बत्तीसवर आले. २०१४ ते २०१८ या वर्षांच्या नमुना नोंदणी पाहणीत भारताचे आयुर्मान ६९.४ वर्षे निघाले आणि महाराष्ट्राचे ७२.५. त्याच पाहणीत देशातल्या शहरी माणसाचे आयुर्मान ७२.६ होते, खेड्यातल्या माणसाचे ६८. म्हणजे साडेचार वर्षांचा फरक.

तुम्ही म्हणाल, त्यात नवल ते काय? शहरात डॉक्टर आहेत, इस्पितळे आहेत, पक्के रस्ते आहेत. माणूस जास्त जगायचाच. पण मंडळी, शंभर वर्षांपूर्वी हे पारडे नेमके उलटे होते. तेव्हा शहर माणूस खात असे आणि खेडे त्याला सांभाळत असे. मुंबईला गिरणीत कामाला गेलेला कोकणी गडी खोकायला लागला की 'हवा पालटायला' गावी येई. बाईला दिवस गेले की तीही गावी येई. ही नुसती रीत नव्हती, त्यात शहाणपण होते. १९२१ सालच्या मुंबईच्या आरोग्यखात्याच्या नोंदीत एक भयंकर कोष्टक आहे. एका खोलीत किंवा त्याहूनही कमी जागेत राहणाऱ्या कुटुंबांत, नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे आठशेंहून अधिक बालके वर्षाच्या आत दगावली होती. दोन खोल्यांच्या घरांत हा आकडा तीनशे वीसच्या घरात होता, तीन खोल्यांच्या घरांत एकशे नव्वदच्या आणि चार किंवा अधिक खोल्यांत एकशे तेहेतीस. पुष्कळ बाळंतपणे गावी होत असल्यामुळे जन्म तिकडे नोंदले जात आणि मृत्यू इकडे, म्हणून पहिला आकडा काहीसा फुगलेला आहे. तो फुगारा वजा केला तरी काय उरते? शहर तेच, रोगही तेच. एक खोली वाढली की पोर जगण्याचा संभव वाढत होता.

इंग्लंडात ही गोष्ट त्याआधीच कोणी तरी मोजून ठेवली होती. १८४२ साली एडविन चॅडविक नावाच्या अधिकाऱ्याने कष्टकरी लोकांच्या राहणीवर एक मोठा अहवाल लिहिला. त्यात त्याने मँचेस्टर हे गिरण्यांचे शहर आणि रटलंड हा शेतीवाडीचा परगणा शेजारी शेजारी मांडले. मरणाऱ्यांचे सरासरी वय त्याने काढले. मँचेस्टरच्या मजुरांचे आले सतरा वर्षे, रटलंडच्या शेतमजुरांचे अडतीस. आणि मँचेस्टरच्या वकील-डॉक्टरांसारख्या सुखवस्तू मंडळींचे? तेही अडतीसच! म्हणजे शहरातला श्रीमंत आणि खेड्यातला मजूर एका पंगतीत बसले. पैशाने जे कमावले, ते शहराच्या गटाराने नेले, असेच म्हणायचे. मरणाऱ्यांचे सरासरी वय हे काही शास्त्रशुद्ध आयुर्मान नव्हे. जिथे लहान मुले जास्त, तिथे ते आपोआप खाली येते. पण त्या आकड्यांनी पार्लमेंट हलली आणि १८४८ साली इंग्लंडात सार्वजनिक आरोग्याचा पहिला कायदा झाला. औषधांच्या बाटल्यांनी व्हायचे नव्हते ते नळ आणि गटारे यांनी व्हायला लागले.

मुंबईही तशीच सावरली, आणि इथे आपल्या जिल्ह्याचा संबंध येतो. मुंबईची जुनी वस्ती विहिरी आणि तळी यांच्या पाण्यावर जगत होती. पटकीची साथ ठरलेली. १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले. त्या वेळी साष्टी बेट ठाणे जिल्ह्यातच मोडत होते. मग तुळशी. १८९२ साली शहापूर भागातल्या तानसा धरणाचे पाणी आले. पाणी आले खरे, पण ते वाहून नेणारी गटारे मागेच राहिली. दाटीच्या वस्त्यांत जमीन ओलीची ओली राहू लागली, अशी तक्रार त्या वेळचे लोक करीत होते. चारच वर्षांनी, १८९६ साली, मांडवी बंदराजवळच्या अशाच दाट वस्तीत डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रोगी ओळखला. प्लेग उंदरांच्या पिसवांनी पसरतो, ओलीने नव्हे. पण उंदीर आणि माणूस एका खोलीत का राहत होते, हा प्रश्न वस्तीचाच होता. त्यानंतर १८९८ साली शहर सुधारणेसाठी ट्रस्ट निघाला. पुढे १९५७ च्या सुमारास वैतरणेवरचे मोडकसागर आले, नंतर ऊर्ध्व वैतरणा, भातसा. शहराच्या माणसाचे आयुष्य या नळांतून वाहत वाहत वाढले.

आणि ज्या डोंगरांतून ते पाणी गेले, तिथे काय झाले?

१८८२ सालच्या ठाणे जिल्ह्याच्या सरकारी गॅझेटियरात आपल्या रानपट्टीविषयी वाचा. पावसाळा सरला की तापाचे दिवस सुरू, हेच तिथे पुन्हा पुन्हा येते. पूर्वी डहाणू, वाडा, जव्हारकडे बदली झाली की कारकुनाच्या घरात रडारड होई, असे जुनी माणसे सांगत. कारकून निदान बदली मागू शकत होता. रानात राहणाऱ्या वारली, कोकणा, कातकरी, महादेव कोळी यांनी कोणाकडे बदली मागायची? हा ताप म्हणजे हिवताप. डोंगराच्या पायथ्याच्या मंद ओहोळांत वाढणारे डास तो पसरवतात. १९४७ साली देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होतो आणि आठ लाख माणसे मरतात, असा अंदाज होता. त्याआधीच्या वर्षी डॉक्टर विश्वनाथन यांनी मुंबई इलाख्यात, कानडा आणि धारवाड भागांत, घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्याचा मोठा प्रयोग सुरू केला. १९५३ साली सबंध देशाचा हिवताप नियंत्रण कार्यक्रम आला. फवारणीवाले पंप घेऊन कुडाच्या झोपड्यांपर्यंत पोचले. मौज अशी की, स्वच्छतेची आवड असलेल्या घरधनिणीने फवारलेल्या भिंतीवर शेणामातीचे सारवण घातले की औषध झाकले जाई! तरीही १९६५ पर्यंत देशातले रोगी लाखाच्या आसपास उतरले. मग ढिलाई झाली, डासही औषधाला सरावले, आणि १९७६ साली आकडा पुन्हा साठ लाखांवर गेला. ते काही असो. रानपट्टीतल्या माणसाच्या आयुष्यात पहिली मोठी भर पडली ती या फवारणीने, असे माझे मत आहे.

पण पोटाचे काय? ताप गेला तरी पोट राहतेच. १९३९ साली सिमिंग्टन नावाच्या गोऱ्या सनदी अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातल्या आदिवासींच्या स्थितीवर अहवाल दिला. सावकारी, वेठ आणि जमीनदारांची सत्ता यांचे त्यातले वर्णन वाचवत नाही. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको सावकाराच्या घरी राबत. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. १९४५ साली डहाणू-तलासरी-उंबरगाव भागातले वारली गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या पाठीशी उभे राहिले आणि वेठ व लग्नगडी यांचा पाया उखडला गेला. याला आपण राजकीय इतिहास म्हणतो. मला तो आरोग्याचाही इतिहास वाटतो. ज्या बाईला आपल्या नाचणीच्या भाकरीवर आपला हक्क मिळाला, तिच्या पोटातल्या मुलाचे वजन त्या भाकरीनेच वाढते.

सगळीकडे मात्र ती भाकरी पुरली नाही. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी या गावांची नावे एकाएकी देशभर झाली. तिथल्या परिसरात शंभराहून अधिक बालके दगावली होती. मंत्री आले, वार्ताहर आले. पुढे १९९५ साली आदिवासी भागासाठी नवसंजीवनी योजना आली. वर्षाचे चक्र कसे चालते, ते पाहा. भाताची लावणी आषाढात. त्याच वेळी घरातले धान्य सरत आलेले. बाई चिखलात वाकून राबते आणि तिचे पोर बांधावर उपाशी. श्रावणात जुलाब, खोकला, गोवर. अशक्त पोराला न्युमोनिया होतो. ते मरते तेव्हा कागदावर 'न्युमोनिया' लिहिले जाते. भूक कुठेच लिहिली जात नाही. दिवाळीनंतर कुटुंबच्या कुटुंब भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जाते. त्याला तिकडची माणसे 'जगायला जाणे' म्हणतात. हा शब्द जरा कानांत घोळू द्या. गावात राहून जगता येत नाही, हे त्या एका शब्दात आले. भट्टीवर अंगणवाडी लांब, लस चुकते. होळीला घरी परत यावे तर उन्हाळ्याचा पाण्याचा दुष्काळ सुरू.

जव्हार-मोखाड्यात पाऊस शंभर इंचांच्या घरात पडतो. पण काळा कातळ तो धरून ठेवीत नाही. सगळा वैतरणेतून, पिंजाळीतून वाहून जातो. २०१४ साली याच मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ मध्य वैतरणेचे उंच धरण पुरे झाले. त्यातून मुंबईला रोज पंचेचाळीस कोटी लिटरांहून जास्त पाणी मिळू लागले. शहराला पाणी हवेच, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यानंतरच्या उन्हाळ्यांतही मोखाड्याच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागत राहिल्या, आणि बायका झऱ्यातले पाणी वाटीवाटीने भरत राहिल्या. धरणाची भिंत जवळ, पाणी लांब. सूर्या धरणाचेही तसेच. तो प्रकल्प मुळात डहाणू-पालघरच्या शेताला पाणी देण्यासाठी योजलेला. पुढे त्यातला मोठा वाटा वसई-विरार आणि मीरा-भाईंदर या शहरांकडे वळला. शहराच्या आयुष्यात भर पडली ती कोणाच्या खात्यातून, हा हिशेब आपल्याकडे फारसा मांडला जात नाही.

रस्त्याचीही तीच कथा. अडलेल्या बाळंतिणीला झोळीत घालून, बांबू खांद्यावर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत न्यायचे. जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात पोचावे, तर तिथून पुष्कळदा नाशिकला नाही तर सिल्व्हासाला पाठवणी. २०२२ च्या ऑगस्टमध्ये मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर वेळेआधी जन्मलेली जुळी मुले दगावली आणि त्यांच्या आईला असेच डोलीतून न्यावे लागले. तीन किलोमीटरचा रस्ता नव्हता, एवढेच कारण. त्याच वर्षी आपण स्वातंत्र्याची पंचाहत्तर वर्षे साजरी करीत होतो. आदिवासींच्या आरोग्यासाठी नेमलेल्या डॉक्टर अभय बंग यांच्या समितीने २०१८ साली सांगितले, की देशातल्या आदिवासींचे आयुर्मान ६३.९ वर्षे, तर सर्वसाधारण लोकांचे ६७. हा फरक रक्ताचा नव्हे. खुद्द बंग पतिपत्नींनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले, तेव्हा तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ साली हे जगापुढे प्रसिद्ध झाले. जंगल तेच, जात-जमात तीच. दारापर्यंत कोणी तरी शिकलेले पोचले, एवढाच फरक.

आता डोंगर उतरून पश्चिमेला येऊ. रेल्वेरुळाच्या कडेला बोईसर. एके काळी गवताच्या गंज्या आणि भाताची खाचरे असलेले लहानसे स्टेशन. शेजारी चिंचणी-तारापूर, जुना बंदरपट्टा. १९६९ साली तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. पुढे १९७० नंतरच्या दशकात बोईसरच्या माळावर औद्योगिक वसाहत वसली. रंग, औषधे, रसायने, कापडावरची प्रक्रिया, पोलाद. हजारो हातांना काम मिळाले, ही गोष्ट लहान नव्हे. डोंगरातला वारली पोरगा पहिल्यांदा महिन्याचा पगार घेऊन घरी गेला तो इथूनच. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडून माणसे आली. आजूबाजूच्या गावांत शेतावर चाळी उभ्या राहिल्या. एका खोलीत पाचसहा जण, पाळीपाळीने झोपणारे. १९२१ चे मुंबईचे कोष्टक आठवते ना?

बोईसरची खरी अडचण अशी की, ते शहर झाले पण त्याला शहर म्हणून कोणी वागवले नाही. २०११ च्या जनगणनेने त्याला नगर म्हणून मोजले. तेव्हा कारभार मात्र ग्रामपंचायतीकडेच होता. ग्रामपंचायत म्हणजे खेड्यासाठी केलेली व्यवस्था. तिच्या तिजोरीत भुयारी गटाराचा पैसा कुठला? १८९२ सालच्या मुंबईत पाणी आले आणि गटार राहिले. बोईसरात कारखाना आला, माणसे आली, धूर आला, आणि गटार राहिले. खेड्याची मोकळी हवा गेली आणि शहराचे इस्पितळ आले नाही. दोन्हींकडचे वाईट तेवढे पदरात पडले.

कारखान्यांचे सांडपाणी एकत्र करून शुद्ध करण्याचे केंद्र उभारले. पण त्याच्या कुवतीपेक्षा पाणी जास्त येत राहिले. ते नळाने नवापूरजवळ समुद्रात सोडले जाई. ओढे-नाल्यांतूनही जाई. नवापूर, आलेवाडी, नांदगाव, मुरबे, सातपाटी या गावांतल्या मांगेला, वैती मंडळींचे पोट खाडीवर आणि समुद्रावर. कोळ्याला मासा मिळाला नाही तर त्याचे उत्पन्न जाते, हे सगळ्यांना कळते. पण त्याच्या पोरांच्या ताटातला रोजचा सकस घासही जातो, हे आपण विसरतो. आणि वस्तीतल्या विहिरीचे पाणी रंगीत झाले की घरटी पाण्याचा खर्च वाढतो. २०१६ साली मांगेला समाजाच्या परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. २०२२ च्या जानेवारीत लवादाने कारखान्यांना आणि व्यवस्थेला जबाबदार धरून भरपाईचा निकाल दिला. वरच्या न्यायालयात अपिलेही झाली. दरम्यान केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या शंभर औद्योगिक क्षेत्रांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा तारापूरला ९३.६९ गुण मिळाले. सबंध देशात पहिला नंबर! शाळेत असे गुण मिळाले असते तर पेढे वाटले असते.

हवेतल्या धुराचे औक्षाशी नाते कसे, हेही सांगतो. धुरातले अतिसूक्ष्म कण फुप्फुसात जातात, तिथून रक्तात. त्यांनी दमा तर वाढतोच, पण खरा घात होतो तो हृदयविकाराने आणि पक्षाघाताने. डोंगरात मृत्यू पाळण्यात गाठतो. कारखान्यांच्या नगरात तो कर्त्या माणसाला पंचेचाळीस-पन्नाशीत गाठतो. शिकागो विद्यापीठाच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे, अशा सूक्ष्म कणांमुळे भारतातल्या माणसाचे आयुष्य सरासरीने साडेतीन वर्षांनी घटते. मात्र धूर म्हणजे फक्त कारखान्याचाच, असे समजू नका. कुडाच्या घरात ओल्या लाकडावर पेटणारी चूल तोच धूर देते, आणि तो पहिल्यांदा बाईच्या आणि तिच्या पाठीवरच्या मुलाच्या छातीत जातो. हा धूर डोंगरातही आहे आणि बोईसरच्या चाळीतही.

कोणी म्हणेल, कारखाने आले की हे व्हायचेच. त्याला शेजारचा डहाणू तालुका दाखवावा. चिकूच्या वाड्यांचा, बोर्डी-कोसबाडचा हा तालुका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बालवाड्या इथल्याच. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणूला पर्यावरणदृष्ट्या नाजूक प्रदेश ठरवले आणि जास्त प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांना तिथे मनाई केली. तिथे औष्णिक वीज केंद्र मात्र आले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण नेमले गेले. त्याने त्या वीज केंद्राला धुरातला गंधकाचा वायू काढणारे यंत्र बसवायला लावले. ते २००७ साली चालू झाले. त्या वेळी देशात असे यंत्र असलेली केंद्रे बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती. सांगायचा मुद्दा, समुद्र तोच, वारा तोच, रेल्वे तीच. एका तालुक्याला पहारेकरी मिळाला, दुसऱ्याला नाही.

जगातही शेजारीशेजारी असेच चित्र सापडते. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या एका आयोगाने स्कॉटलंडमधल्या ग्लासगो भागातले उदाहरण दिले. कॅल्टन या गरीब वस्तीतल्या पुरुषाचे आयुर्मान ५४ वर्षे, आणि काही मैलांवरच्या लेन्झीतल्या पुरुषाचे ८२. अठ्ठावीस वर्षांचा फरक! तिथे तर सगळ्यांना सरकारी दवाखाना फुकट. तेव्हा दवाखाना ही शेवटची पायरी. त्याच्या आधीच्या पायऱ्या घराच्या, कामाच्या, पाण्याच्या आणि हवेच्या.

शिक्षकांना एक काम सुचवतो. नमुना नोंदणी पाहणीतून आयुर्मानाचे आकडे प्रसिद्ध होतात ते देशाचे आणि राज्यांचे. तुमच्या पाड्याचे किंवा आळीचे त्यात मिळत नाहीत. पण ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूची नोंदवही असते. १९६९ च्या कायद्याने ती ठेवावीच लागते. ग्रामसेवकाला विचारून, कोणाचे नाव न घेता, गेल्या दहा वर्षांतले मृत्यू वयाप्रमाणे आणि वस्तीप्रमाणे मुलांकडून मांडून घ्या. एक वर्षाच्या आतले किती, पंधरा ते साठ वयातले किती, त्यापुढचे किती. शेजारी लिहा : वस्तीत नळ आहे का, रस्ता किती लांब, चूल की गॅस, पावसाळ्यात उपकेंद्रापर्यंत जाता येते का. भूगोलाचा, गणिताचा आणि नागरिकशास्त्राचा तास एकदम होईल.

ते करताना एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. कायद्याप्रमाणे मृत्यू जिथे घडतो तिथे नोंदला जातो. मोखाड्याचे पोर भिवंडीच्या भट्टीवर गेले, तर त्याची नोंद झालीच तर भिवंडीकडे होईल. मोखाड्याच्या वहीत ते पोर जन्मलेले दिसेल, मेलेले दिसणार नाही. आणि बोईसरच्या रंगाच्या कारखान्यात वीस वर्षे राबलेला माणूस छातीच्या दुखण्याने खंगला की तो शेवटची गाडी पकडून आपल्या मुलखाला जातो, जसा शंभर वर्षांपूर्वी गिरणीतला कोकणी गडी जात होता. तो तिकडे आझमगडला किंवा गंजामला मरतो. बोईसरच्या वहीत त्याची ओळ येतच नाही. त्याच्या खोलीत दुसऱ्याच आठवड्यात विशीतला नवा भाडेकरू राहायला येतो.